उत्तरेच्या भिंतीवरचं सिमेंट

९ फेब्रुवारी १९९८

आजपासून लिहून ठेवणार आहे. कोण काय बोललं, कधी बोललं, सगळं तारखेनिशी. उद्या बिशपच्या कचेरीशी भांडायची वेळ आली तर माझ्या हातात कागद हवा.

आज आमच्या कॅल्बी गावच्या देवळाची पंचवार्षिक तपासणी झाली. कचेरीचा वास्तुतज्ज्ञ दहाच्या सुमारास आला. चाळिशीचा असेल, बुटांना चिखलाचा ठिपका नाही. रोलंड मॉब्स आणि मी देवळाचे दोन कारभारी, म्हणून आम्ही दोघं किल्ल्या घेऊन हजर होतो. त्याने गोल मनोरा पाहिला, छपराचं गवत पाहिलं, बरं म्हणाला. मग उत्तरेच्या भिंतीशी गेला आणि लाकडी हातोडीने ठोकत बसला. ठोकायचं, कान लावायचं, वहीत लिहायचं. डॉक्टर पाठीवर बोटं वाजवून बघतो ना, अगदी तसं.

"हे सिमेंट कधीचं?"

"एकसष्ट सालचं. माझ्या नवऱ्याने केलंय. तीन आठवडे राबला, तेही फुकट. त्याआधी त्या भिंतीतून गारगोट्या गळून पडत होत्या."

"हं."

"हं म्हणजे काय?"

"उतरवावं लागेल, मिसेस लार्टर. सगळंच्या सगळं."

त्याचं म्हणणं असं. भिंत आठशे वर्षांपूर्वीची, गारगोट्यांची, चुन्यात बांधलेली. चुन्याच्या भिंतीत पाणी शिरतं तसं बाहेरही पडतं. विल्फने वरून सिमेंट थापलं, तिचं तोंड बंद केलं, आणि आता ती आतल्या आत भिजून फुगतेय. आतल्या बाजूने खिडकीच्या कोपऱ्यापासून जी भेग उतरलीय ती त्याचीच म्हणे. मी म्हटलं, भेग मी लग्न करून या गावात आले तेव्हाही होती. खोटं बोलले. अर्धी होती.

जाताना त्याने भेगेवर तीन ठिकाणी काचेच्या आडव्या पट्ट्या चिकटवल्या आणि त्यांच्यावर हिऱ्याने तारीख कोरली. भिंत हलली की काच तडकते. इथले गवंडी त्या काचेला चहाडखोर म्हणतात. एक जरी तडकली तरी देवळाला कुलूप लावायचं आणि त्याला फोन करायचा, कुणालाही आत सोडायचं नाही. सिमेंट काढायच्या अर्जावर दोन्ही कारभाऱ्यांच्या सह्या लागतात. या वर्षात भिंतीचं काही झालं नाही तर कॅल्बीचं नाव बंद करायच्या देवळांच्या यादीत जाईल, असंही त्याने हळूच सांगितलं.

सही करणार नाही. विल्फला जाऊन चार वर्षं झाली, तो उत्तर द्यायला येऊ शकत नाही. मी आहे.

रोलंड एक शब्द बोलला नाही. एरवी त्याचं तोंड बंद करायला दार आपटावं लागतं.

२२ फेब्रुवारी

देवळाच्या मंडळाची बैठक झाली. सहा माणसं आणि पाळकबाई. आमच्या पाळक हिलरी पास्क या सहा गावं सांभाळतात, त्यामुळे त्या नेहमी कोट न काढताच बसतात. मी उभी राहून सांगितलं, दोष सिमेंटचा नाही, पाण्याचा आहे. उत्तरेची पन्हळ फुटकी, गटार बुजलेलं, मनोऱ्याजवळचं झाड भिंतीला लगटलेलं आणि साखरबीटचे ट्रक रस्ता हादरवत जातात. ही चार कामं करा, भिंत आपोआप सुकेल.

"ट्रक माझेच आहेत," रोलंड म्हणाला.

"म्हणूनच सांगतेय. हळू चालवायला सांग."

"बरं, कारभारीणबाई."

पाळकबाईंनी विचारलं, अर्जावर सही करून ठेवायला काय हरकत आहे, एनिड? मी म्हटलं, आधी गटार. त्यांनी रोलंडकडे पाहिलं. रोलंडने बुटाकडे पाहिलं. ठरलं गटारच.

७ मार्च

बारा दिवस खणतोय. रोलंड खणतो, मी बादल्या ओढते. भिंतीच्या पायथ्याशी गुडघाभर चर झाला. पन्हळ नवी बसली. झाड तोडायला परवानगी लागते, ती मिळेल तेव्हा मिळेल. माझी पाठ गेली आहे, पण कुणाला सांगणार नाही.

खणताना रोलंड मध्येच थांबला आणि सिमेंटच्या खालच्या काठावर अंगठा दाबून बसला. म्हटलं, काय बघतोस? म्हणाला, काही नाही, दम खातोय.

ग्लेनिसचा लेस्टरहून फोन. "आई, तू चौऱ्याहत्तर वर्षांची आहेस, खड्डे कसले खणतेस?" म्हटलं, खणत नाहीये गं, बादल्या ओढतेय. तिला काय कळणार.

१२ एप्रिल, ईस्टर

एकतीस माणसं. सुंदर झाली उपासना. पण वास आहे. चर खणून महिना झाला तरी तळघरासारखा वास. उत्तरेच्या बाकांवरची गीतांची पुस्तकं बुरशीने चिकटलीत, पानं सुरीने सोडवावी लागली. मी सगळ्यांना सांगितलं की हिवाळा फार ओला गेला, म्हणून.

रोलंड हल्ली त्या उत्तरेच्या बाकावरच का बसतो कोण जाणे. त्याचे गुडघे धरतात आणि देवळात सगळ्यात गारठा तिथेच. शेवटची चार-पाच वर्षं विल्फही तिथेच बसायचा. बसला की डाव्या हाताचा तळवा भिंतीला टेकवायचा आणि प्रवचन संपेपर्यंत काढायचा नाही. मला इतकं बरं वाटायचं ते बघून. आपल्या हातच्या कामाचा माणसाला अभिमान असतोच. नवीन कुणी गावात आलं की मी मुद्दाम त्यांना त्या भिंतीपाशी नेऊन सांगायची, हे बघा, हे सगळं आमच्या यांनी केलंय. विल्फ लाजून बाहेर निघून जायचा.

२६ एप्रिल

हे लिहू की नको, तासभर विचार केला. पण तारखेनिशी सगळं लिहायचं ठरवलंय तर लिहायला हवं.

सकाळी फुलं ठेवायला गेले. मधली काच तडकलीय. बारीक, केसाएवढी चीर, पण आरपार. प्रकाशाकडे मान वाकडी केल्याशिवाय दिसत नाही.

मी घरी आले. जिन्यातल्या जुन्या फोटोच्या चौकटीची काच काढली. विल्फच्या पेटीत काच कापायचं हत्यार होतं, पट्टी कापली. त्याचाच डिंक, त्याचीच हत्यारं. परत गेले, तडकलेली खरवडून काढली, नवी चिकटवली आणि तिच्यावर तारीख कोरली, ९.२.९८. घाईत नऊचा आकडा बिघडला.

गटाराला वेळ द्यायला हवा. भिंत एका महिन्यात सुकत नाही. चर खणताना माती हलली, म्हणून भिंत जराशी बसली असणार, तेवढ्याने काच गेली. उगाच कुलूप लावून गाव कशाला घाबरवायचं?

३ मे

झोप नीट नाही. आज उपासनेत लहान मुलांना दक्षिणेच्या बाजूला बसवलं. कारण विचारलं तर म्हटलं, ऊन येतं तिकडे.

१० मे

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

उपासना संपली, सगळे गेले. पुढच्या रविवारी रोलंडच्या पणतीचा बाप्तिस्मा होता, म्हणून दगडी कुंड घासायला आम्ही दोघं मागे राहिलो. मी पाणी ओतत होते. रोलंड भेगेपाशी उभा होता.

"एनिड, ही काच कुठली?"

"कुठली म्हणजे? त्या माणसाने लावलेली."

"त्याच्या काचेची कड हिरवट होती. ही पांढरी आहे. आणि हा नऊ कुणी काढलाय, कोंबडीने?"

मी पाण्याची बादली खाली ठेवली.

"कधी तडकली?"

"दोन आठवडे झाले."

तो बाकावर बसला. रोलंड रागावला की ओरडतो, आज ओरडला नाही, त्याचंच मला भय वाटलं. म्हणाला, "पुढच्या रविवारी माझी पणती या कुंडाशी असणार होती. भिंतीपासून पाच पावलांवर. आणि तू मला बोलली नाहीस."

"भिंत पडणार नाही. विल्फने बांधलेली भिंत पडत नाही."

"विल्फने बांधली नाही. विल्फने लिंपली. आणि सिमेंट मी कालवलं." मग त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "आणि विल्फला ठाऊक होतं, एनिड."

काय ठाऊक होतं?

एकोणनव्वदच्या नाताळाआधी विल्फ रोलंडकडे गेला होता म्हणे. खाली, भिंतीच्या पायथ्याशी, त्याने चाकूने सिमेंटला भोक पाडून पाहिलं आणि पाणी आलं. तो रोलंडला म्हणाला, भिंत बुडतेय रे, मी चूक केली, आपण दोघं मिळून उतरवू. रोलंड म्हणाला, आधी तुझी छाती दाखव डॉक्टरला. मग छातीचं दुखणंच मोठं होऊन बसलं, भिंत राहिली.

"मला का नाही सांगितलं त्याने?"

"मी म्हटलं त्याला, एनिडला सांग. तर म्हणाला, येईल त्याला ती ही भिंत दाखवते, मी कुठल्या तोंडाने सांगू?"

मी रोलंडला देवळाबाहेर काढलं. अक्षरशः दंडाला धरून. म्हटलं, नऊ वर्षं तू हे पोटात ठेवलंस, माझ्याबरोबर बसून चहा प्यायलास, गटार खणलंस, निर्लज्जा! तो म्हणाला, वचन दिलं होतं. म्हटलं, चुलीत घाल तुझं वचन.

मग आत जाऊन उत्तरेच्या बाकावर बसले आणि हात भिंतीला लावला. ओली. नुसती गार नव्हे, ओली. बोटांना पाणी लागलं. तो पाच वर्षं हे तपासत बसला होता आणि मी त्याच्याकडे कौतुकाने बघत होते. इतकी वर्षं एका छपराखाली राहून मला नवऱ्याचा हातसुद्धा वाचता आला नाही.

बाहेर आले, दाराला कुलूप लावलं, किल्ली कमरेला. घरी येऊन वास्तुतज्ज्ञाच्या घरी फोन केला. रविवार होता तरी केला. काच तडकली, मी बदलली, दोन आठवडे लपवलं, असं तीन वाक्यांत सांगितलं. तो मग म्हणाला, "आता कुलूप आहे ना?" म्हटलं, आहे. "कुणाला लागलं-बिगलं नाही ना?" म्हटलं, नाही. म्हणाला, उद्या येतो.

मी फोनपाशी बसून रडले. विल्फवर रागावून रडले. स्वतःवर नंतर.

१७ मे

बाप्तिस्मा रोलंडच्या कोठारात झाला. बियाण्याच्या पोत्यांवर सगळे बसले, पाणी जस्ताच्या घमेल्यात. पाळकबाईंनी छान निभावलं. मला बोलावणं होतं, मी मागे उभी राहिले. बाळ भोकाड पसरून रडलं, आवाज चांगला आहे तिचा.

नंतर रोलंडच्या सुनेने सॉसेजचे रोल दिले. रोलंड माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. मी त्याच्याशी बोलले नाही. अर्जाचा कागद मात्र पर्समधून काढून त्याच्या हातात दिला. माझी सही होती.

"तुझी राहिलीय," एवढंच म्हटलं.

३० जून

परवानगी आली. पैशांचं पाळकबाई आणि कचेरी बघतायत. गवंडी मिळालाय, क्लेमंट हाऊज नावाचा, साठीचा, चुन्याचंच काम करतो. त्याने एकच अट घातली, घाई करायची नाही. मी एकच अट घातली. पहिला घाव मी घालणार.

पाळकबाई म्हणाल्या, एनिड, हे तुम्ही स्वतःला शिक्षा म्हणून करताय का? म्हटलं, शिक्षा कसली? घरात नवऱ्याचं अर्धवट राहिलेलं काम बायकोने पुरं करायचं नसतं का?

१३ जुलै

भिंतीला बाहेरून जाड वाशांचे टेकू लागलेत. परांची बांधून झाली. हाऊज सकाळी सातला आला, आधी भिंतीभोवती दोन फेऱ्या मारल्या, हात खिशात. मग मला म्हणाला, "तुमचं वय?"

"चौऱ्याहत्तर. भिंतीचं आठशे. तुम्ही कामाचं बोला."

त्याने हसून छिन्नी दिली. हातोडा जड होता म्हणून हलका दिला, तो मी परत करून जडच घेतला. जागा त्याने दाखवली, अगदी पायथ्याशी, विल्फचा तो चाकू जिथे शिरला असेल तिथेच कुठेतरी. तीन घावात काही झालं नाही. विल्फचं काम पक्कंच, त्यात वाद नाही. चौथ्याला आवाज बदलला आणि हातभर सिमेंट पापुद्र्यासारखं सुटून आलं.

त्याच्यामागून पाणी आलं. उडालं नाही, नुसतं गळायला लागलं, मातकट, चिखल घेऊन. जुन्या चुन्याचं पार लोणी झालेलं. हाऊजने बोट घातलं, कोपरापर्यंत हात आत गेला.

"अजून दोन हिवाळे," तो म्हणाला. "मग ही आत आली असती. बाकांवर."

रोलंड माझ्या मागेच उभा होता. दोन महिन्यांत आम्ही बोललो नव्हतो. मी छिन्नी त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, "तू कालवलंस ना? मग आता फोड."

त्याने फोडलं. दोघांनी मिळून बारापर्यंत खालची ओळ काढली. मग माझा खांदा अडकला, हाऊजने हातोडा काढून घेतला आणि दोघांनाही परांचीखालून हाकललं.

१५ जुलै

अजून गळतंय. दोन दिवस, दोन रात्री. रोलंड म्हणतो, म्हाताऱ्या भिंतीने सदतीस वर्षं दाबून धरलं होतं, आता सुटलीय. मला हसू आलं. रागातच होते, तरी आलं.

२८ जुलै

सगळं सिमेंट उतरलं. कबरींच्या बाजूला ढीग पडलाय, त्याच्यावर विल्फच्या थापीच्या खुणा दिसतात, अर्धगोल, एकसारख्या. त्याचा हात चांगला होता हे आजही म्हणेन. माल चुकीचा होता.

हाऊजने आज मला परांचीवर नेलं. भिंत उघडी पडलीय, गारगोट्या काळ्या-पांढऱ्या, मध्ये चौकोनी भोकं. विल्फने ती भोकं बुजवली होती, त्याला वाटलं खिंडारं आहेत. ती बांधणाऱ्यांचीच. तेव्हाच्या परांचीचे वासे त्यांत खोचलेले असायचे, एका थराचं काम झालं की वासे उपसायचे आणि वर लावायचे.

"ही रेघ दिसते?" हाऊज म्हणाला. भिंतीतून आडवी एक फिकी रेघ गेली होती, हातभर वर दुसरी. "हातभर चढवायची आणि थांबायचं. ओला चुना वजन घेत नाही. घाई केली की गारगोट्या घसरतात, भिंतीचं पोट सुटतं."

"आणि ही जाड रेघ?"

"हिवाळा. थंडीत चुना मरतो. वर गवत अंथरून घरी गेले सगळे. पुढल्या वर्षी इथून वर."

मी मोजलं. अशा जाड रेघा दोन. म्हणजे ही एवढीशी भिंत तीन उन्हाळ्यांत झाली. विल्फने तीन आठवड्यांत लिंपली आणि मी सदतीस वर्षं ते तीन आठवडे लोकांना अभिमानाने सांगत होते.

हाऊजला म्हटलं, बरं, आपलं कधी होईल? सुगीची उपासना चार ऑक्टोबरला असते.

"भिंतीला विचारून सांगतो," म्हणाला.

१९ ऑगस्ट

आज भांडण. हातभर काम झालं की हा माणूस दुपारी दोनला थापी धुतो आणि डब्यातला मांसाचा वडा खात भिंतीकडे बघत बसतो. ऊन आहे, माल आहे, उरलेला दिवस आहे!

म्हटलं, "मिस्टर हाऊज, अजून एक थर चढेल की."

"चढेल."

"मग चढवा ना."

"चढेल आणि उतरेल."

मी म्हटलं, गावाला सुगीची उपासना देवळात हवी आहे. तो म्हणाला, "गावाला हवी की तुम्हाला?" रोलंड वाळू चाळत होता, तो चाळणी तोंडापुढे धरून हसला. त्याला म्हटलं, दात काय काढतोस, वाळू चाळ.

घरी येताना पटलं. मलाच हवी आहे. गावासमोर भिंत उभी करून दाखवायची घाई मला आहे. तीच घाई विल्फलाही झाली असेल, एकसष्टच्या सुगीआधी. तेव्हा त्याला रोज संध्याकाळी विचारणारी मीच होते. झालं का, कधी होणार, लोक विचारतायत. हे मला आज आठवलं. इतकी वर्षं कसं आठवलं नाही?

उद्या हाऊजची माफी मागेन.

२० ऑगस्ट

मागितली. तो म्हणाला, "पाणी मारायचं काम घ्याल का?" नव्या चुन्यावर ओली पोती टांगतात आणि ती सुकू द्यायची नाहीत, नाहीतर वरून कडक, आतून भुगा. दिवसातून पाच वेळा. घेतलं.

१२ सप्टेंबर

सात, दहा, एक, चार, सात. या वेळा चुकवल्या नाहीत एकदाही. वारा असला की सहावी फेरी. ग्लेनिस दोन दिवस राहून गेली, तिलाही बादली दिली. "आई, तू देवळासाठी करतेयस की बाबांसाठी?" म्हटलं, पोतं नीट भिजव, वरची कड कोरडी राहिलीय.

पोत्याखाली हात घालून बघते. गार आहे, पण ओली नाही. फरक आता कळतो.

४ ऑक्टोबर

सुगीची उपासना रोलंडच्या कोठारात. भोपळे, कांदे, बार्ली आणि माझं भोपळ्याचं लोणचं. कुणीही विचारलं नाही देऊळ कधी उघडणार, म्हणजे सगळ्यांना बजावलं असणार कुणीतरी. संशय रोलंडवर आहे.

२३ ऑक्टोबर

थंडीच्या आत वरचा थर झाला. हाऊजने टेकू सैल केले, एकेक, अर्ध्या अर्ध्या दिवसाच्या अंतराने. मी समोर कबरीच्या कठड्यावर बसून होते. शेवटचा वासा निघाला तेव्हा श्वास धरला होता, ते रोलंडने सांगितलं म्हणून सोडला.

उभी आहे. अजूनही वाकडीच आहे, वितभर बाहेर कललेली. मी म्हटलं, ही सरळ नाही करता आली? हाऊज म्हणाला, "ती शेकडो वर्षं अशीच उभी आहे. चुना नरम असतो, भिंतीला कलायला देतो. तिला सरळ करायला गेलात तर मोडेल." पैसे, हत्यारं, डबा गाडीत टाकून गेला. हात हलवला की नाही तेही दिसलं नाही.

वास्तुतज्ज्ञाने तीन नव्या काचा लावल्यात. महिना थांबायचं. मी त्यांच्यापासून चार पावलं लांबूनच बघते. हात मागे बांधून.

२४ नोव्हेंबर

वास्तुतज्ज्ञ आला, बूट आज चिखलाने भरलेले. भिंग लावून तिन्ही काचा पाहिल्या. शाबूत. वर्षअखेरच्या यादीत कॅल्बीचं नाव जाणार नाही. नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी देऊळ उघडा, म्हणाला. जाताना माझ्याशी हस्तांदोलन केलं. मी त्याला चहा विचारला. फेब्रुवारीत विचारला नव्हता.

२८ नोव्हेंबर

उद्या उघडतंय. आज झाडलं, पुसलं, बाक परत लावले. बुरशीची पुस्तकं फेकली.

दुपारी पाळकबाई नोंदवही घेऊन आल्या. देवळाला जे काही दुरुस्तीचं काम होतं ते कारभाऱ्यांनी तिच्यात लिहून दोघांनी सह्या करायच्या असा नियमच आहे. मी लिहिलं, "१९९८. उत्तरेच्या भिंतीची दुरुस्ती." पाळकबाई म्हणाल्या, पुरे की एवढं.

मी मागची पानं उलटली. एकसष्टचं पान सापडलं. तेव्हाच्या कारभाऱ्याने ठसठशीत अक्षरात लिहिलंय, "उत्तरेची भिंत कायमची पक्की केली. डब्ल्यू. लार्टर यांचे आभार."

कायमची.

माझी ओळ मी खोडली आणि पुन्हा लिहिलं. इथे उतरवून ठेवते. "१९६१ साली विल्फ्रेड लार्टर यांनी ही भिंत सिमेंटने लिंपली. ती चूक होती. पाणी आत कोंडून भिंत खचली. १९८९ साली चूक त्यांच्या लक्षात आली, पण ते दुरुस्त करू शकले नाहीत. एप्रिल १९९८ मध्ये भेगेवरची काच तडकली, ती एनिड लार्टर हिने बदलली आणि दोन आठवडे लपवली. ती त्याहून मोठी चूक होती. सिमेंट काढून भिंत चुन्यात बांधली, क्लेमंट हाऊज. या भिंतीला पुन्हा कधीही सिमेंट लावू नये."

पाळकबाई वाचून म्हणाल्या, "काचेचं नका लिहू, एनिड. ते चार माणसांपलीकडे कुणाला ठाऊक नाही. आणि विल्फचं नाव... लोक वाचतील."

"वाचू देत. अजून शंभर वर्षांनी कुणाचा तरी नवरा सिमेंटची गोणी घेऊन उभा असेल आणि त्याची बायको त्याला घाई करत असेल. त्यांनी काय वाचायचं? आभार?"

त्यांनी वही रोलंडपुढे सरकवली. पेन मी रोलंडच्या हातात दिलं. त्याने चष्मा लावला, बोट ठेवून ओळीओळीने वाचलं, पुन्हा पहिल्यापासून वाचलं आणि पेन खाली ठेवलं.

"मी सही करणार नाही."

"का? खोटं काय आहे त्यात?"

"माझं नाव कुठंय?"

"तुझं कशाला?"

"सिमेंट काय आपलं आपण कालवलं गेलं? तीन आठवडे, सकाळी दूध काढून यायचो आणि अंधार पडेपर्यंत कालवायचो. चूक तुम्हा नवराबायकोचीच होय? मी कुठे गेलो?"

त्याचा चेहरा लाल झाला होता. मला वाटलं थट्टा करतोय. नव्हता करत.

मी पेन घेतलं आणि विल्फच्या नावापुढे जागा करून बारीक अक्षरात घातलं, "सिमेंट कालवणारे, रोलंड मॉब्स."

त्याने वाकून पाहिलं. "वर चढवलंही मीच. शिडीवरून."

तेही लिहिलं.

"हां," म्हणाला, आणि मग सही केली.